ब्रेक

तिबिलिसीत, ग्ल्दानीच्या तिसऱ्या वसाहतीत,
शाळेच्या तळघरात, मंगळवारी संध्याकाळी
आम्ही नऊ नवशिके. त्यात अडुसष्टचा मी एकटा,
बाकीच्यांना मिसरूड फुटायचंय अजून.

शिकवते तेकले. बोलते भरभर.
म्हणते, नुगझारकाका, जर, नाहीतर जर, नाहीतर जर
असं लिहीत बसलात तर इथेच उजाडेल.
स्विच लिहा.
प्रश्न एकदाच विचारायचा,
उत्तर जुळेल त्या केसवर थेट उतरायचं.

आता हे मला कोण शिकवणार?
एकतीस वर्षं गच्चीखालच्या लिफ्टच्या खोलीत
स्पिरिट लावून रिले पुसले मी.
मजल्यागणिक एक रिले.
बटण दाबलं की त्याचाच खटका,
बाकीचे पंधरा गप्प.

तर लिहिलं.
तळहाताएवढा बोर्ड, चार दिवे:
पाच तेत्री, दहा, वीस, पन्नास.
लिफ्टच्या नाणेपेटीसाठी खटाटोप सगळा.
पाचाचं नाणं टाकलं
आणि पाचाचा लागला, दहाचा लागला,
वीस, पन्नास,
कुणी थांबवायलाच नाही.
पोरं हसली.
तेकलेने पडद्यावर बोट टेकवलं:
काका, ब्रेक विसरलात.

मी. ब्रेक.

त्र्याऐंशीचा डिसेंबर. पट्टा झिजलेला,
उद्या बदलू म्हटलं होतं.
एतेरी चढली, एकटी, हातात लोणच्याची बरणी.
हलका पाळणा खाली नाही पडत, वर जातो;
पलीकडचं वजन ओढतं त्याला.
तिला पाचवा हवा होता.
पाचवा गेला. सहावा. अकरावा.
सोळाव्याच्या वर धडकून थांबला.
बरणी फुटली, ती नाही.
मला एका शब्दाने बोलली नाही,
फक्त कित्येक वर्षं जिना चढत राहिली.

आता गुडघे गेलेत. लिफ्टनेच येते,
आणि पेटीत काहीही टाकते:
कोटाचं बटण, सोव्हिएत कोपेक,
एकदा तर औषधाची गोळी.

चार केस, चार ब्रेक. मोजून घातले.
खाली डिफॉल्ट: यातलं काहीच नसेल तर.
तेकले म्हणाली, नाणं परत, असं लिहा.
मी लिहिलं: दार उघड. पाचवा.
आणि त्याखाली, ब्रेक.

शेवटच्याला लागत नाही तो, काका.
ठाऊक आहे, म्हटलं.
राहू दे.