गालातली बी

दार नऊला उघडतं, असं तिकिटावर छापलंय.
ते खरं नाही, हे उरायासूत शेंबड्या पोरालाही ठाऊक.
गर्दी दिसली की पावणेनऊ,
सुट्टीत साडेआठ,
आणि एकदा, मार्चमध्ये, आठ वाजून दहा.
तेव्हा आम्ही घरी सूप फुंकत बसलो होतो.
नात्सुहो त्या दिवशी झोपेपर्यंत बोलली नाही.

तेव्हापासून मी उलटं मोजते.
आठ दहा.
त्याआधी रांगेचे दोन तास.
त्याआधी वीस मिनिटं सायकलींची, पुलावरच्या वाऱ्याशी भांडणाची.
त्याआधी भात.
भात गरम असतानाच वळावा लागतो,
गार झाला की त्रिकोणाची टोकं फुटतात;
म्हणून कुकरला रात्रीच सांगून ठेवते, चार पस्तीस.
सांगून ठेवते म्हणजे बटण दाबते.
पण सासूबाई कुकरशी खरंच बोलायच्या,
त्यांची सवय मला लागली.

हिदेमित्सु म्हणतो, आत मिळतं की सगळं.
मिळतं. अकरा वाजता. आणि त्यालाही रांग.
रिकाम्या पोटी त्या डोंगरावरून खाली पडणं वेगळं,
भरल्या पोटी वेगळं.
दोन्ही करून झालंय. दुसऱ्याविषयी न बोललेलं बरं.
मधलं एक पोट असतं,
दोन त्रिकोणांचं, खाऊन चाळीस मिनिटं झालेलं,
ते साधायचं.
सासूबाईंचं सोपं होतं: आधी पोटोबा.
मग काय, ते त्यांनी कधी सांगितलं नाही.

रांगेत निळी चटई, थर्मास, तीन जोडी बूट एका कडेला.
पुढे कॉलेजच्या मुली, मखमली कान लावून बसल्या बसल्या झोपलेल्या.
मागे रात्रीच्या बसने आलेलं जोडपं
न बोलता एकच अंडं सोलतंय.
मी घड्याळ बघते: साडेसात.
इचिकावाच्या वृद्धाश्रमात आता ट्रे फिरत असतील,
सगळ्यांना एकदम, सगळ्यांचा भात मऊ,
आणि उमेबोशी बी काढलेली.

आमची बिया असलेली.
त्यांच्याच हातची, तीन जूनांपूर्वी मिठात घातलेली.
बरणीत आता अकरा उरलीत.
दहा.
नात्सुहोने शेवटच्या त्रिकोणात दात रोवले
आणि सात बावन्नला
दार उघडलं.

असं माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं.
चटया एका झटक्यात गुंडाळल्या गेल्या,
अंडं कुणाच्या तरी खिशात गेलं,
"पळू नका, कृपया पळू नका" असं कर्णा म्हणत राहिला
आणि आम्ही सगळे न पळता पळालो.

कचऱ्याचा डबा वाटेत होता, पण तिथे थांबायला वेळ नव्हता.
रांगेत थुंकायचं तर जीव गेला तरी नाही.
तेव्हा ती बी गालात ठेवून पोरगी डोंगर चढली,
गालात ठेवूनच खाली पडली.

खाली पडताना ते फोटो काढतात.
एरवी मी घेत नाही, लुटतात मेले.
चौदा माणसं, तेरा उघडी तोंडं,
आणि दुसऱ्या ओळीत एक घट्ट मिटलेलं,
डावा गाल सुपारी ठेवल्यासारखा फुगलेला.
घेतला.

रविवारी फोटो आश्रमात नेला.
फुमिएबाईंनी तो बराच वेळ धरला.
डोंगर ओळखला नाही.
मुलाचं नाव आधी चुकलं, मग राहूनच गेलं.
मग बोट त्या गालावर थांबलं.

"गिळशील," त्या म्हणाल्या,
आणि फोटोपुढे
तळहात केला.