एका बाजूनं

एस्तेलीत दिवेलागणीला
एलिओदोरो सिगार पेटवतो,
नेरेइदानं कारखान्यातून आणलेली, नापास ठरलेली.
घाई नाही. आधी टोक नुसतं शेकायचं,
फिरवत फिरवत, पापड भाजावा तसं.

तरी तिसऱ्या झुरक्याला
डावी कड पुढं पळते,
उजवी हिरमुसून मागं.
तो थुंकीनं बोट ओलं करतो,
पळणारीला टेकवतो: थांब जरा.
मागं राहिलेली खाली घेतो,
खालून विस्तव लवकर चढतो म्हणून.

"पानं एकीकडंच दाबली गेलीत.
कधी वळलीस ही?"

नेरेइदा मनगट चोळत राहते.
"मंगळवारी.
विल्मर सीमेपलीकडं गेला, त्या दिवशी."

मग तो काही बोलत नाही.
सावकाश ओढतो.
राख अजून जराशी
तिरकीच आहे.