पावती क्रमांक चार

एकसष्ट साली मी त्यांच्या हाताखाली लागले,
त्रोन्हेमच्या उत्तरेला, फ्योर्डकाठच्या एका गावात,
लेन्समनच्या कचेरीत.
जप्ती तिथेच, हयातीचे दाखले तिथेच,
हरवलेल्या मेंढ्यांच्या तक्रारीही तिथेच.
हल्वर शेलब्रेड, आवक-जावक लिपिक.
पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं ते एवढंच :
दौतीला झाकण लावायचं,
तारखेशिवाय काही लिहायचं नाही.

युद्धाबद्दल ते बोलत नसत.
बोललेच तर बोर्गहिल्डबाईंच्या जोड्यांबद्दल.
चामडं मिळेना, म्हणून माशाच्या कातडीचे घेतले,
पावसात ते मऊ पडत
आणि बंदरावरची मांजरं बाईंच्या मागे लागत.
एवढं सांगताना ते हसत.
मग चष्मा पुसत, बराच वेळ.

बाकीचं मला कपाटांनी सांगितलं.

राजाचं नाव छापलेला कागद वापरू नका,
असा हुकूम आला होता.
ह्यांनी जुना गठ्ठा शेवटच्या तावापर्यंत वापरला.
समासात शेरा : कागदटंचाई.
याला शौर्य म्हणायला माझी जीभ रेटत नाही,
पण तो शेरा मी तीनदा वाचला.

मग रेडिओ जमा करायचा हुकूम.
लोक हातगाडीवरून आणत, बाबागाडीतून आणत,
कुणा म्हातारीने दुलईत गुंडाळून आणला,
तापाचं मूल आणावं तसा.
प्रत्येकाला पावती, दोन प्रतींत.
परत मिळेल ना?
पावती जपून ठेवा, हे म्हणायचे.
त्यात हो नव्हतं, नाहीही नव्हतं.

पण पहिल्या चार पावत्यांवर तारीख वेगळी आहे.
मे चाळीस.
बाकी गावाच्या सव्वा वर्ष आधी
फक्त चार घरांचे रेडिओ मागवले होते.
चौथं घर : आब्राम फिशेल, कापडवाला, स्टेशनमागे.
शेलब्रेडांच्या लग्नाचा कोट त्याच्याच दुकानातला.

आणि बेचाळीसच्या हिवाळ्यात एक प्रपत्र आलं.
नाव, जन्म, देशात कधी आलात, मुलं किती.
तीन प्रतींत.
फिशेल टेबलापलीकडे टोपी हातात धरून बसला असेल,
आणि ह्यांनी लिहिलं.
अक्षर ओळखायला मला वेळ लागला नाही.
फार सुरेख अक्षर.
एकही खाडाखोड नाही.

शांतता आली तेव्हा चौकशीही आली.
हुकूम पाळलेत?
पाळले.
सगळे?
बारनिशी बघून सांगतो, असं त्यांनी म्हटल्याची नोंद आहे.
दोष आढळला नाही, असा कागद मिळाला.
तोही त्यांनी क्रमांक टाकून फाइलला लावला.

रेडिओ परत नेायला लोकांनी रांग लावली,
काहींचे दिवे पेटले, काहींत उंदरांनी घर केलं होतं.
चार नंबरचा राहिला.

नियम असा, की वर्षभरात मालक आला नाही
तर वस्तूचा लिलाव.
शेलब्रेड दर जानेवारीत मुदतवाढीचा अर्ज लिहीत,
स्वतःच, स्वतःलाच,
आणि स्वतःच मंजूर करत.
कारण : मालक हजर नाही.
शेहेचाळीस, सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस.
कॉफीचं रेशन उठलं, नवा पूल झाला,
अर्ज चालूच.
शुक्रवारी कचेरी बंद करताना
ते आपल्या रुमालाने तो पुसत, मागची बाजूसुद्धा.
लावून मात्र कधी पाहिला नाही.

निवृत्तीच्या दिवशी किल्ल्या दिल्या, केक कापला,
दारापर्यंत गेले,
परत आले,
म्हणाले, जानेवारीत विसरू नका.

मी विचारणार होते.
तेरा वर्षं रोज विचारणार होते.
बोर्गहिल्डबाईंनी मयताचा दाखला न्यायला येऊन
सही केली, तेव्हाही.

आज पुन्हा जानेवारी.
बाहेर दोन वाजताच अंधार.
कारणाच्या रकान्यात मला दुसरं काही लिहायचं होतं,
जरा लांब, जरा खरं.
रकाना अडीच बोटांचा.
मी लिहिलं : मालक हजर नाही.
तारीख टाकली.
दौतीला झाकण लावलं.