दुसरा बार

पुतण्याने मोबाइल पुढे धरला.
पडद्यावर कुठल्याशा वाळवंटातला माणूस
घोडा दाबून धरतो, सोडतच नाही,
डबड्यांची रांग उडत जाते.
"काका, आपल्याकडे का नाही मिळत ही?
एका रात्रीत डुकरांचा निकाल."

वरणगावच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं
काडतुसं मोजली.
पितळेचा वास भाकरीला यायचा.
चाचणीच्या आवारात ऐकलीय ती बंदूक :
शिवणयंत्र चालावं तशी,
फक्त कापड कुठे दिसत नाही.

कायदा तुला सोपा करून सांगतो.
घोडा एकदा दाबला, एकदाच उडाली, तर अर्ज कर.
दाबून धरल्यावर उडतच राहिली
तर ती फौजेची.
तुझी नाही, माझी नाही,
ज्याच्या सहीने परवाना मिळतो त्या साहेबाचीही नाही.

माझी बारा बोरची एकनळी.
कारणाच्या रकान्यात 'शेतीसंरक्षण'.
दर निवडणुकीला यावलच्या ठाण्यात जमा करतो,
दस्त्याला सुतळीने चिठ्ठी बांधतात,
वसतिगृहात सोडलेल्या पोरासारखी
ती कोपऱ्यात उभी राहते.
डुक्कर मारायचं तर वनखात्याचा कागद निराळा.
डुकराला यातलं काही माहीत नाही.

तू रात्री केळीत उभा राहिलायस कधी?
चार हातांपुढे सगळं पानच पान.
आणि खांब म्हणजे काय, सोपटं आणि पाणी,
त्याने काय अडणार?
पलीकडे भारंब्यांचा बाग,
मग नाला, मग सालदारांच्या खोप्या.

त्या आठवड्यात लाइट रात्री बारानंतरची होती.
हुसेन तडवीच्या हातात बॅटरी, माझ्या हातात बंदूक.
घड कोसळला. फुरफुर ऐकू आली.
मी बार काढला.
चुकला.
नळी मोडली, टरफल फुगून बसलेलं,
नखाने ओढलं, बोट भाजलं,
खिशात दुसरं चाचपडलं तर
आधी तंबाखूची पुडी हाताला लागली.

तेवढ्यात खोकला.
बिडीचा, माणसाचा, ओळखीचा.
"मी हाये भो, दुरसिंग! मोटर चालू कराले आलो!"

ज्या पानांवर मी नेम धरणार होतो
त्याच पानांतून तो बाहेर आला,
चपला हातात घेऊन.
हुसेनने बॅटरी विझवली.
बराच वेळ लावली नाही.

दुरसिंगला आम्ही काही बोललो नाही.
सकाळी चहाला आला, वर मलाच रागावला :
"डुकरं नाल्यातून निघून गेले ना,
दुसरा बार काहून नाही काढला?"
मी त्याला अजून एक कप दिला.

पुतण्याने मोबाइल उलटा ठेवला.
थोड्या वेळाने विचारलं,
"टरफल काढून दुसरं घालायला
किती वेळ लागतो?"

तेव्हा दहा सेकंद लागले होते.
आता हात थरथरतात,
पंधरा धर.