तेल जास कथा?

राजधर तात्या रोज रात्री गाडीखाली पेपर अंथरायचे,
सकाळी उचलून उजेडात धरायचे.
एक थेंब नाही.
तरी महिन्याला लिटरभर तेल रिचवते
ही अठ्ठ्याण्णवची पांढरी मारुती.
"मंग तेल जास कथा?"
विचारलं असं, की घरातलंच कुणी
डब्यातून पैसे काढतंय.

मी म्हटलं, रेस करा.
निळा धूर निघाला,
अवधानच्या रस्त्यावर निंबाच्या बुंध्याशी
थोडा रेंगाळला.
ते बघा तुमचं तेल.
खाली नाही सांडत, तात्या. वर जातं.

प्लग काढून गेज लावला, काटा नव्वदवर अडला.
भोकात चमचाभर तेल सोडून पुन्हा सेल मारला,
दीडशे.
म्हणजे व्हॉल्व्हवर आळ नको. इंजिन उतरवा.

तीन पिस्टन, नऊ रिंगा.
वरच्या दोघी आग अडवतात, त्यांचं नाव होतं.
तिसरीनं फक्त भिंतीवरचं तेल निपटायचं,
आणि तेही सगळं नाही:
कळण्याची भाकरी थापताना हाताला लागतं ना पाणी,
तेवढी ओल मागं ठेवायची.
ती तिसरी खाचेत चिकटलेली.
नखानं हलेना.
डिझेलमध्ये रात्रभर भिजवून काडीनं टोकरलं
तर खाचेतली भोकं काजळीनं बुजलेली,
खरवडलेलं तेल परत खाली जायची वाटच बंद.

तात्यांनी वही काढली.
तारीख, किलोमीटर, अर्धा लिटर, पाव, अर्धा.
अकरा वर्षं ओतल्याची नोंद.
काढून टाकल्याची एकही नाही.
"टाकत तर होतो ना मी!"
आणि चाळीसच्या वर कधी पळवली?
"हिला मळमळतं," त्यांनी काकूंकडे बोट केलं.
काकू म्हणाल्या, "मना नावनं बिल फाडा आते."

बोअरला दगड फिरवला, आडव्यातिडव्या बारीक रेघा उठल्या.
प्रत्येक रिंगेच्या फटीत पत्ती घालून पाहिली.
तिघींची तोंडं तीन दिशांना.

मग लळिंगचा घाट.
मागे काकू, गालात लिंबाची फोड, मांडीवर पिशवी.
तिसरा गियर. दाबा, तात्या.
नव्या रिंगेचे लाड करायचे नसतात,
भार पडला की ती भिंतीशी बसते.
त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवर असा, जणू झोपलेल्या मांजरावर.
पन्नास. पंचावन्न.
आरशात किल्ला मागे सरकला,
धूर होता थोडासा, मग नुसता रस्ता.
काकूंनी काच खाली केली.
पिशवी कोरी.

दुसऱ्या दिवशी सातलाच फोन.
"पेपरवर थेंब शे! दिसनं रे भाऊ, तेल दिसनं!"
इतका आनंद मी त्यांच्या आवाजात कधी ऐकला नव्हता.
चेंबरचा बोल्ट. माझाच, ढिला राहिलेला.
चहा तसाच ठेवून
दहाचा पाना शोधायला लागलो.