होडी

खडेबाजारच्या टोकाला आमचं दुकान.
तिथं पलटणीचे ग्लोव्ह्ज यायचे, ट्रंकेतून,
कधी चौदा जोड्या, कधी वीस, आकडे चुन्यानं घातलेले.
बाप त्यांचं पोट उसवायचा,
आतले घोड्याचे केस काढून उन्हात पसरायचा,
पिंजायचा, परत भरायचा,
आणि सोनाराच्या तागडीत दोन्ही हात तोलायचा.
एक गुंज इकडंतिकडं झाली तरी न्याय होत नाही, म्हणायचा.

तो वास मला अजून ओळखता येतो:
घाम, एरंडेल, आणि कुणाच्या तरी नाकातलं जुनं रक्त.

शनिवारी कॅम्पात लढती.
पोत्याच्या कुंपणामागं मी, दस्तगीर
आणि कुंद्याच्या द्रोणासाठी भांडणारा इनास.
उस्ताद सुभेदार भरमाणी होनगेकर.
शिव्या मराठीत, आकडे हिंदीत,
आणि मारायची वेळ आली की बेंबीच्या देठापासून कानडीत:
होडी! होडी!

मला कितीतरी वर्षं वाटायचं, ते नावेबद्दल बोलतात.
कारण दस्तगीरचा थोरला, मेहबूब, खरंच तसा यायचा,
डावीकडं कलत, उजवीकडं कलत,
मार्कंडेयेला पूर आल्यागत
आणि पलीकडं कुणीतरी वाट बघत असल्यागत.
मग शेजारच्या नीलव्वानं हसून सांगितलं,
अरे खुळ्या, होडी म्हणजे हाण.

मेहबूब जालंदरला अंतिम फेरीत हरला.
नाक फुटलं, खरं पाऊल मागं गेलं नाही.
गावानं जीपमधून मिरवला.
फलक दोन भाषांत होता
आणि दोन्हीत त्याचं नाव चुकलेलं.

त्यानंतर नक्की काय झालं, मला एका दमात सांगता येत नाही.
पंचांच्या हाती बटणं आली.
ठोशाची टपली झाली, कारण टपलीलाही तेवढाच गुण.
मेरठहून फोमचे ग्लोव्ह्ज आले, फाटले की फेकायचे.
बाप तागडीवरची धूळ पुसायचा, रोज,
गिऱ्हाईक नसलं तरी.
दिल्लीत खुर्च्यांवरून कज्जे,
आणि इकडं इनास गोव्याला बोटीवर स्वयंपाकी.
बंगळूरवाले विचारत, कुठला तू?
पुणेवाले विचारत, कुठला तू?
बेळगावचा म्हटलं की दोघांनाही लांब पडायचं.

पेपरात मात्र यायचं, भिवानीत घरोघरी पोरं ठोसे शिकतात.
वाचून उस्ताद खूश व्हायचे. मला राग यायचा.
एकदा विचारलंच, उस्ताद, मग आपली परंपरा?
कसली परंपरा बे, म्हणाले,
पंधरा पोरं, एक पोतं,
आणि सहाला कुलूप उघडणारा एक माणूस.
ते गेले तेव्हा किल्ली त्यांच्या जानव्याला नाही,
चड्डीच्या नाडीला बांधलेली सापडली.
कुलूप तोवर बदललं होतं.

आता मी शाळेच्या बॅगांच्या चेना बसवतो.
परवा येळ्ळूरची एक पोर आली, कंग्राळकराची पूर्वा,
सायकलच्या हँडलला एकच ग्लोव्ह लटकवून.
शिवणार काय, मामा?
दुसरा कुठाय?
दुसरा भावाकडं. तो उजवा शिकालाय, मी डावा.
कुठं शिकता?
मोबाइलवर. भाताच्या खळ्यात.

उसवलं. आत फोमचा भुगा, कोंड्यासारखा.
फळीवरचा बापाचा डबा काढला,
केस होते अजून, मूठभर, काळे, चिवट.
भरले. तागडी लावली
आणि तशीच धरून बसलो;
दुसऱ्या पारड्यात ठेवायला काही नव्हतं.

पैसे नकोत म्हटलं. बसतो का बघ.
तिनं हात घातला, रस्त्यावरच पाय रोवले,
डावीकडं कलली,
मी तळहात पुढं केला
आणि तोंडातून गेलंच,
होडी!

ती थांबली.
नाव? कुठली नाव, मामा?