सोसायटीचं शास्त्र

रात्रपाळीला पुस्तक उघडतो, धायरीत, गेटवर.
'समाज म्हणजे सामाजिक संबंधांचे जाळे' –
तेवढ्यात हॉर्न. उठतो, दांडा वर करतो,
काच खाली होत नाही.
बसतो. कुठे होतो? जाळे.

अर्पित दर्जा जन्माने मिळतो,
अर्जित दर्जा मिळवावा लागतो.
टोपी एजन्सीची आहे,
डोक्याला सैल.

रजिस्टरात पाहुण्यांना आडनाव लागतं.
छबूबाईला नाही, पारूला नाही.
'धुणीभांडी, सी विंग, सहा दहा.'
हे असं लिहायला मला कुणी शिकवलं,
आठवत नाही.
(समाजीकरण, पान एकेचाळीस.)

'सामाजिक नियंत्रणाची साधने लिहा', आठ गुण.
गळ्यातली शिट्टी चाचपतो.

पहाटे दुधाचे क्रेट उतरवताना
टेम्पोवाला विचारतो, काय वाचतोस?
समाजशास्त्र.
म्हणजे सोसायटीचं?
हो, म्हटलं, सोसायटीचंच.

मग छबूबाई आली. पेन उचललं,
विचारलं, मावशी, आडनाव काय तुमचं?
ती थबकली.
न सांगताच पिशवी उघडून पुढे केली –
'का रे, काय हरवलंय कुणाचं?'